पेन ड्राइव्हवर होस्ट बूट करायचा सल्ला आता सोडा, कारणं सांगतो

एक मेसेज बरेच दिवस फिरतोय, मला चार वेगवेगळ्या लोकांकडून आलाय. विषय ईएसएक्सआयचा, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवणाऱ्या व्हीएमवेअरच्या सिस्टिमचा; ती ज्या सर्व्हरवर चालते तो होस्ट. मेसेज थोडक्यात असा: "ईएसएक्सआय रॅममध्ये चालतो, बूटसाठी एसएसडी घेणं म्हणजे पैसे पाण्यात. पेन ड्राइव्ह नाहीतर एसडी कार्ड लावा, ड्युअल एसडी असेल तर मिरर आहेच, मेलं तर दहा मिनिटांत रिइन्स्टॉल. शिवाय एसएसडीने सर्व्हरच्या पुढची डिस्कची जागा (बे) वाया जाते. प्रॉक्समॉक्सलाही हेच लागू." प्रॉक्समॉक्स म्हणजे तशीच दुसरी सिस्टिम. नवीन पोरं हे वाचून प्रॉडक्शनचे होस्ट उभे करतायत म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"रॅममध्ये चालतो." हे ईएसएक्सआयच्या ६.७ आवृत्तीपर्यंत बऱ्यापैकी खरं होतं, सर्व्हर कंपन्या स्वतःच एसडी मॉड्युल लावून मशीन विकायच्या, त्यामुळे ज्यांनी तेव्हा तसं केलं त्यांचं काही चुकलं नाही. पण एप्रिल २०२० मध्ये ७.० आलं आणि डिस्कची मांडणीच बदलली. स्क्रॅच (तात्पुरत्या फाइल, लॉग), कोअर डंप (क्रॅशची नोंद), टूल्स (व्हीएमसाठीचे ड्रायव्हर) असे पूर्वीचे छोटे छोटे भाग एकत्र करून ओएस-डेटा नावाचं एकच मोठं पार्टिशन केलं आणि त्यावर सतत लिहिलं जातं. मग मार्च २०२१ मध्ये ७.० अपडेट २ आलं आणि एसडी-यूएसबीवाल्यांचे हाल सुरू झाले, टूल्सच्या फाइल कार्डावरून सारख्या वाचल्या जायच्या, कार्डाचा संपर्क तुटायचा, बूटबँक (बूटच्या फाइलींचा भाग) गायब, सगळे होस्ट सांभाळणाऱ्या व्हीसेंटरमध्ये होस्ट प्रतिसाद देत नाही. ऑगस्ट २०२१ च्या अपडेट २सी मध्ये दुरुस्त्या आल्या, टूल्स रॅमडिस्कवर (रॅममध्येच केलेल्या डिस्कवर) हलवायची सोयही होती, पण नुसत्या एसडी-यूएसबीवर होस्ट चालवायची पद्धत बंद करायच्या दिशेने चाललोय हे त्यानंतर व्हीएमवेअरने स्वतः जाहीर केलं. आता कार्डावर फक्त बूटबँक ठेवता येते, ओएस-डेटाला वेगळी टिकाऊ डिस्क द्यावीच लागते. मग ती डिस्क घेतलीच आहे तर बूट पण तिच्यावरूनच करा ना, मध्ये कार्ड कशाला?

आणि "रॅममध्ये चालतो" हाच खरा धोका आहे. कार्ड मेलं तरी व्हीएम चालू राहतात, म्हणून कुणाला कळतच नाही. चाकणच्या एका कारखान्यात आम्ही शनिवारी रात्री पॅच मारायला होस्ट रिस्टार्ट केला आणि तो उठलाच नाही, कार्ड कधी गेलं होतं देव जाणे. त्यात लॉग रॅममध्ये, म्हणजे रिस्टार्टबरोबर तेही गेले, शोधायचं कशात?

"ड्युअल एसडी म्हणजे मिरर." एक कार्ड अचानक गेलं तर दुसरं असतं, तेवढं मान्य. पण दोन्ही कार्डांवर तेच लिखाण तितकंच होतं, बहुतेक वेळा दोन्ही एकाच दिवशी घेतलेली, म्हणजे झिजणारही बरोबरच. आणि ते मॉड्युल होस्टला एकच यूएसबी डिव्हाइस म्हणून दिसतं, अपडेट २ ची गडबड त्याच पातळीवरची, तिथे मिररचा काय उपयोग?

"दहा मिनिटांत रिइन्स्टॉल." इन्स्टॉल होईल हो. पण व्हीएमकर्नल पोर्ट, व्हीलॅन, आयस्कझी, मल्टिपाथ, एनटीपी ही नेटवर्क, स्टोरेज, वेळेची सेटिंग्ज कोण भरणार? कॉन्फिगचा बॅकअप असेल तर तो त्याच बिल्डवर लागतो, आणि ७.० अपडेट २ पासून कॉन्फिग एन्क्रिप्ट होतं, टीपीएम (बोर्डावरची सुरक्षा चिप) असेल तर त्याला बांधलेलं असतं, त्याची रिकव्हरी की आधीच लिहून ठेवलेली नसेल तर बोर्ड बदलल्यावर अडकलात. चाकणला बॅकअप नव्हता, वहीतल्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो बघून पोर्ट ग्रुप टाइप केले, पहाट झाली.

"पुढची बे वाया जाते." नाही जात. डेलचं बॉस कार्ड, एचपीईचं एनएस२०४आय, दोन्हींत दोन छोटे एम.टू ड्राइव्ह आणि हार्डवेअर रेड १ (दोन्हींवर तोच डेटा), पुढच्या बे मोकळ्या राहतात. व्हीएमवेअरची शिफारस बघा: १२८ जीबी किंवा जास्त, सेकंदाला १०० एमबी सलग लिखाण, १२८ टीबी लिहून होईल इतकी टिकाऊ, आणि शक्यतो रेड १. पाच वर्षांवर भागलं तर रोजचे साधारण ७० जीबी, म्हणजे फार मोठी मागणी नाही, साधारण सर्व्हर एसएसडी आरामात पेलते. सर्व्हरच्या एकूण किमतीत हा खर्च अगदी किरकोळ आहे.

प्रॉक्समॉक्सचा मुद्दा तर सरळ चुकीचा. तो रॅममध्ये चालत नाही, खाली पूर्ण डेबियन लिनक्स आहे, रूट डिस्कवर जर्नल लिहिलं जातं, ग्राफचा आरआरडी डेटा लिहिला जातो, क्लस्टरचं कॉन्फिग एसक्यूलाइटच्या फाइलमध्ये जातं. तिथे पेन ड्राइव्ह लावणं म्हणजे तो मरायची वाट बघणं. झेडएफएस ही फाइल सिस्टिम असेल तर स्वस्त घरगुती एसएसडी पण लवकर झिजते, पॉवर लॉस प्रोटेक्शनवाली (अचानक वीज गेली तरी डेटा वाचवणारी) घ्या.

ज्यांचे होस्ट आत्ता कार्डावर आहेत त्यांनी आज कॉन्फिगचा बॅकअप आणि रिकव्हरी की दोन्ही काढून दुसऱ्या मशीनवर ठेवा, लॉग बाहेरच्या सिसलॉग सर्व्हरला पाठवा. मग एकेक होस्ट मेंटेनन्समध्ये टाकून एम.टूवर नव्याने इन्स्टॉल करा. आणि तोपर्यंत कारण नसताना रिस्टार्ट करू नका.