नवा राउटर आणूनही स्पीड येत नसेल, तर आधी वायर लावून मोजा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं गल्लोगल्ली फायबर आलंय. त्याबरोबर एक तक्रारही घरोघरी ऐकू येते: दोनशे एमबीपीएसचा प्लॅन घेतला, नवा राउटर आणला, तरी मोबाईलवर चाळीसच येतंय. मग कुणी राउटर परत करायला निघतो, कुणी केबलवाल्याशी वाद घालतो. माझं मत स्पष्ट आहे. पहिली मोजणी वायरनं व्हायला पाहिजे, आणि कनेक्शन जोडायला आलेल्यानं ती ग्राहकासमोर करून दाखवायला पाहिजे. वायफायवरच्या स्पीड टेस्टवरून लाईन खराब, राउटर खराब की मधली भिंत नडतेय, हे ठरतच नाही.

मोजायचं कसं? लॅपटॉपला वायरचं पोर्ट असेल तर फायबरच्या डब्यातून (ओएनटी) थेट वायर लावा, वायफाय बंद करा, व्हीपीएन (नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे फिरवणारं ॲप) चालू असेल तर तेही बंद करा आणि टेस्ट घ्या. मग तीच वायर नव्या राउटरच्या लॅन पोर्टला (घरातली यंत्रं वायरनं जोडायचं भोक) लावून पुन्हा घ्या. ओएनटीवर पूर्ण स्पीड येतो आणि राउटरवर पडतो, तर दोष राउटरचा, त्याच्या सेटिंगचा किंवा मधल्या वायरचा. ओएनटी ब्रिज मोडवर (म्हणजे नेट नुसतं पुढं राउटरकडं सोडणारा) असेल तर तिथं थेट लावून नेट येणार नाही, कारण लॉगिन राउटरमध्ये असतं. अशा वेळी राउटरच्या लॅनवरचीच मोजणी धरायची.

आकडा 92 ते 95 च्या आसपास अडकून बसला, तर डोळे झाकून समजा की कुठंतरी गिगाबिटऐवजी (1000 एमबीपीएस) 100 एमबीपीएसची जोडणी झालीय. ही सगळ्यात जास्त सापडणारी आणि सगळ्यात कमी तपासली जाणारी गोष्ट. कारणं तीन. एक, स्वस्त राउटरच्या खोक्यावर 300 किंवा 1200 छापलेलं असतं, पण मागची पोर्टं 10/100 ची, म्हणजे जास्तीत जास्त 100 एमबीपीएसची असतात. 1200 म्हणजे वायफायच्या दोन बँडची, 2.4 गिगाहर्ट्झचे 300 आणि 5 गिगाहर्ट्झचे 867 यांची साधारण बेरीज, तीही हवेतली. पोर्टाशी तिचा काही संबंध नाही. दोन, बऱ्याच ओएनटींवर एकच पोर्ट गिगाबिट असतं आणि दुसरं 100 चं, आणि वायर नेमकी दुसऱ्यात खोचलेली असते. तीन, वायर. गिगाबिटला आठही तारा लागतात, 100 ला 1, 2, 3 आणि 6 या चारच पुरतात. वायरच्या टोकाला पिन बसवताना (क्रिंप करताना) बाकीच्यांपैकी एखादी तार नीट बसली नाही, तर नेट बंद पडत नाही, गुपचूप 100 वर उतरतं. म्हणून तक्रारही होत नाही. कॅट 5ई ची तयार पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना पिन बसवलेली वायर) लावून बघा, खुलासा लगेच होतो.

वायरवरच स्पीड कमी-जास्त होतोय, नेट मधेच तुटतंय? तर मामला बहुतेक फायबरचा. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर ऑप्टिकल पॉवर, म्हणजे फायबरमधून येणाऱ्या उजेडाची ताकद, बघा. साधारण उणे 15 ते उणे 25 डीबीएममध्ये असेल तर ठीक. उणे 27 च्या पलीकडं गेली तर लाईन कधीही तुटणार, आणि एलओएसचा लाल दिवा लागला म्हणजे उजेड पोचतच नाही. 'भाऊ, मीटरवर पॉवर किती दिसतीया तेवढं दाखव,' असं बिनधास्त विचारा, तो तुमचा हक्क आहे. फायबर खिळ्याला घट्ट वाकवून बांधलेली असणं किंवा हिरव्या कनेक्टरला निळा जोडलेला असणं, दोन्हींनी पॉवर घटते.

वायरवर सगळं बरोबर निघालं, मगच वायफायकडं वळायचं. शहापूर, वडगाव, अनगोळच्या दाट गल्ल्यांत घरं भिंतीला भिंत लावून असतात. फोन उघडला की शेजारपाजारची नेटवर्कं रांगेनं दिसतात. 2.4 गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: 1, 6 आणि 11. तिथं चॅनलची रुंदी 20 मेगाहर्ट्झ ठेवा, 40 करू नका, त्यानं शेजाऱ्याचंही बिघडतं आणि आपलंही. एवढं करूनही त्या बँडवर 30-40 मिळाले तर राउटरला दोष देऊ नका. मोठा स्पीड 5 गिगाहर्ट्झवरच मिळतो. दोन्ही बँडना एकच नाव असेल तर फोन बऱ्याचदा 2.4 लाच चिकटून राहतो, म्हणून नावं वेगळी करा. राउटरच्या सेटिंगमध्ये वायफायच्या सुरक्षेची पद्धत डब्ल्यूपीए2 एईएस ठेवा. टीकेआयपी ही जुनी पद्धत निवडली तर स्पीड 54 च्या वर चढत नाही. जुना प्रिंटर किंवा टीव्ही जोडला जात नसेल तर आधी डब्ल्यूपीए3 ही नवी पद्धत चालू आहे का बघा.

आता जागा. आपल्या जुन्या घरांची ठेवण लांबट: सोपा, माजघर, स्वयंपाकघर, मागं परडं. खानापूरकडं तर जांभ्याच्या जाड भिंती. केबल दारातून येते म्हणून राउटर सोप्यातच टांगला जातो, तोही लोखंडी कपाटाच्या मागं. दोन जाड भिंतींनंतर 5 गिगाहर्ट्झ जवळजवळ संपतं. इथं लोक रिपीटर (वायफाय पकडून पुढं पाठवणारा डबा) घेतात आणि फसतात. साधा एकाच बँडचा रिपीटर त्याच हवेतून घेतो आणि त्याच हवेतून देतो, त्यामुळं स्पीड निम्म्यावर येतो. त्यापेक्षा 15-20 मीटर कॅट 5ई किंवा कॅट 6 वायर माजघरापर्यंत ओढा आणि नवा राउटर तिथं, डोक्याच्या उंचीवर ठेवा. भिंतीला भोक पाडायला घरची मंडळी कुरकुरतील, पण हा खर्च एकदाच.

ओएनटी स्वतःच लॉगिन करत असेल तर नवा राउटर ॲक्सेस पॉईंट मोडवर (नुसतं वायफाय देण्याच्या कामावर) टाका, नाहीतर दोघंही 192.168.1.1 हा एकच पत्ता धरून बसले की नेट येतं-जातं. ओएनटीचं वायफाय बंद करा.

लाईट गेली की इन्व्हर्टर येईपर्यंतच्या क्षणात राउटर रिस्टार्ट होत असेल, तर 12 व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. आधी ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि ॲम्पियर जुळवा, 12 च्या जागी 9 चा लावू नका. वळवात कडकडाट सुरू झाला की ॲडॉप्टर आणि तांब्याची लॅन वायर दोन्ही काढा. फायबरमधून वीज येत नाही, पण ती बाहेरून आलेल्या तांब्यातून आणि लाईटच्या बोर्डातून येते.

आणि पिन खुपसून रिसेट करण्याआधी लॉगिनचं यूजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन नंबर (कंपनीनं लाईनला दिलेला क्रमांक) असेल तर तो, कागदावर लिहून घ्या. रिसेटनं तेच आधी पुसलं जातं, आणि रविवारी संध्याकाळी ते परत टाकून द्यायला कुणी फोन उचलेलच असं नाही.