रजा संपली आणि गेटवर कार्ड चालेना

माझी मावसबहीण गोव्यात वेर्ण्याच्या एका कारखान्यात नऊ वर्षं होती. सकाळी फोंड्याहून कंपनीची बस, क्वालिटीचं काम, दोनदा बढती. बाळंतपणाची 26 आठवड्यांची रजा संपवून कामावर गेली तर तिच्या टेबलावर तिनेच शिकवलेला मुलगा. पंधरा दिवसांत 'कामात लक्ष नाही' असं पत्र. मग एचआरमध्ये बोलावून, "मॅडम, राजीनामा द्या, दाखला चांगला देऊ." तिने नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी गेटवर कार्ड चालेना.

लोक तिला विचारतात, पुरावा काय? पुरावा गेटच्या आत राहिला. नऊ वर्षांची अप्रेझल्स, साहेबांनी शाबासकी दिलेले मेल, सगळं कंपनीच्या मेलवर, आणि तो मेल त्याच सकाळी बंद.

बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या बाईला काढायचं नाही, हे 1961 च्या कायद्यापासूनच आहे. पण रजा संपेपर्यंत थांबून 'काम बरोबर नाही' म्हटलं, की खरं कारण बाळंतपण होतं हे दाखवायचं तिने. त्यात तिचा हुद्दा एक्झिक्युटिव्ह. म्हणजे कामगार न्यायालयात आधी वाद, ती कायद्याने 'कामगार' आहे की नाही! भेदभावाचं नंतर. तिथे हुद्द्याच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम बघतात, पण ते काम काय होतं हे सांगायला सोबतचं माणूस लागतं.

आणि सोबतची माणसं गप्प. एका डब्यातलं माशाचं हुमण खाल्लेल्या बायका आज फोन उचलत नाहीत. त्यांची भीती मला कळते. घराचे हप्ते आहेत, आणि गोवा केवढासा. वेर्ण्यात बोललेलं संध्याकाळी फोंड्यात पोचतं.

वेळ किती जातो, तेही बघा. गोवा विद्यापीठातल्या लैंगिक छळाच्या तक्रारी 2009 च्या. विद्यापीठाच्या तक्रार समितीने चौकशी घाईत उरकली, म्हणून मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती 5 मे 2009 ला जिथे होती तिथून पुन्हा करायला सांगितली. चूक समितीची, चौदा वर्षं तक्रारदार मुलींची.

बायांनो, बढतीचं पत्र, अप्रेझल, रजेचा अर्ज, ज्याची प्रत तुम्हाला मिळते ते सगळं घरी फाइलला लावा. आजच.

आणि तिच्या सेक्शनमधलं कुणी हे वाचत असेल तर कंपनीविरुद्ध एक शब्दही बोलू नका. त्या टेबलावर बसून ती रोज काय काम करायची, तेवढंच येऊन सांगा.