षड्ज सरकला, सांभाळा!

आपल्याकडे एकदा तानपुरा लागला की मैफल संपेपर्यंत सा जागचा हलत नाही. रॉकवाले ऐन रंगात तो साच उचलून दुसरीकडे नेऊन ठेवतात. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. वाजवणाऱ्याच्याही येतो, पण त्याचं कारण वेगळं.

बॉन जोव्ही या अमेरिकन रॉक बँडचं १९८६चं 'लिव्हिन ऑन अ प्रेयर' घ्या. लातूर-परभणीकडच्या रिसेप्शनला पुण्यात शिकून आलेला एखादा मेहुणा हे हटकून मागतो. गाणं पांढरी तीनच्या, म्हणजे ईच्या मायनरमध्ये (कोमल गंधाराच्या सुरावटीत) चालतं आणि शेवटच्या ध्रुवपदाला थेट पांढरी पाच, म्हणजे जी गाठतं, काळी पट्टी धरून तीन अर्धस्वर वर. त्यात उडीच्या तोंडावर चारपैकी एक मात्राच कापलेली. चालत्या एसटीतून पुढच्या चालत्या एसटीत चढा म्हणावं, तसं!

गिटारवाल्याचे ई मायनर, सी, डी हे मोकळे कॉर्ड इथं जी मायनर, ई फ्लॅट, एफ होतात, तिन्ही बार, म्हणजे एक बोट आडवं टाकून तारा दाबून धरायचे. तिसऱ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावला तर जुनीच बोटं चालतील, पण लावणार कधी? होती ती मात्राही गेली. बेसवाला तीन पडदे सरकून निवांत असतो. मग सवयीनं खालची मोकळी तार छेडतो, आणि ती अजून ईच असते.

गायकाचा गळा पुरणार नसेल तर उपाय एकच: सुरुवातच काळी एकपासून करायची, म्हणजे उडी पांढरी तीनवर संपते. त्यासाठी कीबोर्डवाला ट्रान्सपोज (पट्टी वर-खाली सरकवायची सोय) उणे तीनवर ठेवतो आणि वेळ आली की बटण तीनदा दाबून शून्यावर येतो. मध्येच लाइट गेली की मात्र खेळ खलास. जनरेटर सुरू होतो, पण बहुतेक कीबोर्ड परत शून्यावरच उघडतात. हा बिचारा ठरल्याप्रमाणे तीनदा दाबतो आणि गायकाला अजून तीन अर्धस्वर वर टांगतो.

पेटीवाल्याचा खरा छळ डेरेक अँड द डॉमिनोज या बँडच्या 'लेला'त, १९७०च्या. सुरुवातीची धून डी मायनरमध्ये, कडवं सी शार्प मायनरमध्ये, ध्रुवपद परत डी मायनरमध्ये. गिटारवाला बार धरून एक पडदा मागं-पुढं करतो. पेटीवर सगळी बोटंच बदलतात. 'स्केल चेंजर आहे ना?' म्हणणाऱ्याला सांगावं, पट्ट्यांचा सांगाडा उचलून सरकवायला हात सुटे लागतात, आणि एक हात भात्याला अडकलेला असतो.

ऑक्टोपॅडवाल्याला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक तालवाद्यवाल्याला, सुरांचं काही सोयरसुतक नाही. त्याला फक्त 'प्रेयर'मधली ती कापलेली मात्रा आधी मोजून दाखवा, नाहीतर तो ती इमानदारीनं वाजवतो.