ताई, स्टँड!

पुण्यात पंचवीस वर्षं स्कूटर चालवतेय. शिकले बाबांच्या चेतकवर. चोक ओढा, गाडी तिरकी करा, मग किक. क्लच आणि गिअर दोन्ही डाव्या मुठीत, आणि माझी मूठ लहान. अर्ध्या गल्लीत गाडी बंद पडायची. मावशीकडे मात्र किनेटिक होंडा होती. १९८४ साली आलेली ती बिनगिअरची, बटणावर सुरू होणारी गाडी साडी नेसूनही चालवता यायची. मावशी कुणालाही ‘मला सोडता का’ असं न विचारता ऑफिसला जायची, येताना मंडईतून भाजी आणायची. नोकरी लागल्यावर मी पहिली ॲक्टिव्हा घेतली ती मावशीकडे बघूनच.

मला हे शहर स्कूटरवरून आवडतं. लॉ कॉलेज रस्त्यावर झाडांखाली शिरलं की उन्हाळ्यातही गालाला गारवा लागतो. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की नदीपात्रातला भिडे पूल बंद झाला का, हे बातमीआधी डेक्कनच्या गर्दीवरून कळतं. आणि माणसं! साइड स्टँड खाली राहिला तर पुढच्या सिग्नलपर्यंत तीन जण तरी ओरडून सांगतात, “ताई, स्टँड!” ओढणी चाकाकडे लोंबत असेल तर कुणीतरी आपली गाडी दामटत शेजारी येतं, सांगतं आणि निघून जातं. दिवसा दिवा चालू राहिला तर समोरून येणारे मूठ उघडझाप करून दाखवायचे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचे दिवे कायमच चालू असतात, त्यामुळे ती खूण आता गेली. मला तिची आठवण येते.

एकमेकांना इतकं जपणाऱ्या या लोकांना रस्ता मात्र जपत नाही, हे मला आज मनापासून सांगायचंय. खड्ड्यांवर सगळेच बोलतात. मी चेंबरच्या झाकणांबद्दल बोलतेय.

रस्ता नवीन करताना जुनं डांबर खरवडून काढायला हवं. ते न काढता त्यावरच नवा थर टाकतात. रस्ता वर येतो, झाकण खालीच राहतं. पुढच्या थराला आणखी खाली. गुळगुळीत काळ्याभोर रस्त्यात मधेच चार-पाच बोटं खोल चौकोन तयार होतो. चारचाकीच्या मोठ्या चाकाला तिथे एक हिसका बसतो, बस्स. स्कूटरचं चाक दहा-बारा इंची, ते आत उतरतं आणि हँडल हातातून फिरतं. पावसात त्यात पाणी साठलं की तो दिसतही नाही.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये मी अशाच चौकोनात पडले. रात्रीचे सव्वाआठ, रिमझिम, मागे लेक बसलेली. वेग वीस-पंचवीसचा असेल. काही कळायच्या आत आम्ही दोघी डाव्या अंगावर. तिच्या हेल्मेटवर कानापाशी वीतभर ओरखडा उठला होता. तो बघून माझे पाय लटपटले. हेल्मेटवरून पुण्यात कितीही वाद होवोत, मोटार वाहन कायद्याचं हेल्मेटसक्तीचं कलम १२९ चालवणाऱ्यालाही लागू आहे आणि मागे बसणाऱ्यालाही, आणि त्या ओरखड्यानंतर मला यावर वाद घालायचा नाही. पण हेल्मेट मी घातलं म्हणून झाकण नीट बसवायचं कुणाचं काम संपत नाही.

दोन मुलं थांबली. एकाने स्कूटर उचलून किल्ली बंद केली. दुसरा मोबाइलचा टॉर्च लावून आमच्या मागे उभा राहिला, येणाऱ्या गाड्यांना हाताने बाजूला काढत. जाताना त्याने फुटपाथवरची तुटलेली फांदी आणून त्या चौकोनात खोचली.

माझं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर होतं. तक्रार केली. चौथ्या दिवशी मेसेज आला, ‘तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ झाकण तसंच होतं. फांदी महिनाभर टिकली.

माझी मागणी एकच आहे. नव्या रस्त्याचं बिल पास करण्याआधी, ज्याची सही लागते त्या माणसाने त्या रस्त्यावरून स्कूटर चालवावी. दुपारी नाही, अंधार पडल्यावर. घरातलं कुणीतरी मागे बसवून. कागदावर रस्त्याची जाडी मोजतात, झाकण समपातळीत आहे का हेही तिथेच लिहून घ्यावं, आणि नसेल तर पैसे अडवावेत. यासाठी नवं तंत्रज्ञान लागत नाही. झाकणाची चौकट उचलून नव्या पातळीला बसवायची असते, एवढंच.

लेकीला परवा अठरा पूर्ण झाली. लर्निंग लायसन्स आलंय. रोज संध्याकाळी मी मागे बसते, ती चालवते. ब्रेक, आरसा, इंडिकेटर तिला लवकर जमलं. घरापासून कॉलेजपर्यंत अशी अकरा झाकणं आहेत. कुठल्या दुकानासमोर, रस्त्याच्या कोणत्या बाजूला, हे तिला आता तोंडपाठ आहे.