पळसाला पानं तीन, इथे चार

उडप्याकडे गेलो की मी मेनूकार्ड पहिल्या ओळीपासून ते पार खालच्या 'पार्सलचा चार्ज वेगळा' पर्यंत वाचतो, वेटर दोनदा येऊन परत जातो, तिसऱ्यांदा उगाच टेबल पुसत उभा राहतो आणि मग मी मसाला डोसा सांगतो. गेली वीस वर्षं मसाला डोसाच. असल्या माणसाला, ज्या गेममध्ये घुसायच्या आधी 'तू नक्की कोण होणार' हे ठरवावं लागतं, त्या गेममध्ये ओढायचं पाप माझ्या भाच्याचं.

भाचा टोरांटोला शिकतो. गेमसुद्धा तिथलाच, जुन्या काळच्या ढाल-तलवारीच्या लढाईचा, चिव्हलरी २, टॉर्न बॅनर नावाच्या टोरांटोतल्याच स्टुडिओने २०२१ साली काढलेला. ताईला यातलं काही माहीत नाही, तिच्या समजुतीप्रमाणे मामा-भाचे दर रविवारी करिअरबद्दल बोलतात. माझे सकाळचे साडेसात म्हणजे त्याचे शनिवार रात्रीचे दहा, त्यामुळे इकडे स्वयंपाकघरात पोहे भिजत असतात आणि मी हेडफोन लावून चिलखतात. एका बाजूला निळे अगाथावाले, दुसऱ्या बाजूला लाल मेसनवाले, दोन्हीकडे मिळून ६४ माणसं, आणि ती सगळी एकाच वेळी बेंबीच्या देठापासून ओरडत पळत सुटतात. सी दाबलं की आपला माणूस ओरडतो. पहिल्या दिवशी मला एवढंच जमलं, सी. बाकीचं सगळं क्लासवर अडकलं.

आता 'क्लास' म्हणलं की आपल्या डोक्यात अकरावी-बारावीचे क्लास, फी, बॅच वगैरे. इथे क्लास म्हणजे तुमची जात-कुळी-धंदा सगळं. कुठेही गेलं तरी पळसाला पानं तीन म्हणतात ना, इथे पानं चार, आर्चर म्हणजे तिरंदाज, व्हॅनगार्ड म्हणजे आघाडीचा गडी, फूटमन म्हणजे पायदळवाला आणि नाईट म्हणजे चिलखतवाला सरदार, आणि प्रत्येक पानाला परत तीन-तीन पानं, म्हणजे एकूण बारा. त्यातली बरीचशी सुरुवातीला कुलूपबंद, जसजसं खेळाल तसतशी उघडतात, त्यामुळे मला खरं तर चारातलाच एक उचलायचा होता. पण मी कुलूपवाल्यांची माहितीसुद्धा वाचत बसलो. परवडत नसलेल्या फ्लॅटचा सँपल फ्लॅट बघून येतो ना आपण, तसं.

"मामा, झालं का?"

"थांब रे, वाचतोय."

"अरे किल्ला पडला आपला."

पहिला निर्णय अर्थातच नाईट. एवढा खर्च करून हेल्मेट घालायचं नाही तर काय करायचं? नाईटला रक्त, म्हणजे मार खायची ताकद, सगळ्यात जास्त, १७५, आणि आर्चरला जेमतेम त्याच्या निम्मं. पण नाईट पळण्यात सगळ्यात मंद. म्हणजे मी रणांगणावर पोचेपर्यंत पुढची फळी मारून, मरून, परत जन्माला येऊन माझ्या शेजारून दुसऱ्यांदा पुढे गेलेली असायची. खऱ्या नाईट लोकांवर हा तसा अन्यायच आहे. पंधराव्या शतकातलं पूर्ण पोलादी चिलखत वीस-पंचवीस किलोचं असायचं, तेही अंगभर वाटलेलं, आणि ते घालून लोक व्यवस्थित पळायचे, घोड्यावर चढायचे. भरलेला गॅस सिलिंडर तीसएक किलोचा असतो. परवा लिफ्ट बंद होती तर तो मी तीन मजले चढवला, आणि मी कसा पळत होतो हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी बघितलंय, त्यामुळे मंदपणाचा दोष मी चिलखताला देणार नाही.

मग व्हॅनगार्ड झालो. रक्त कमी पण वेग भरपूर, हातात माणसाएवढी दोन हाती कुऱ्हाड. माऊसचं डावं बटण दाबलं की आडवा वार, चाक एकीकडे फिरवलं की भोसकणं, दुसरीकडे फिरवलं की डोक्यावर. ऑफिसात दिवसभर तेच चाक फिरवून मी एक्सेलमध्ये खाली-वर करत असतो, हाताला सवय दांडगी, फक्त इथे खाली-वर केलं की कोणाची तरी कवटी फुटते. आणि कुऱ्हाड आपला-परका बघत नाही हो. आपल्या माणसालाही लागते.

तर झालं असं की पुलावर तुंबळ गर्दी, दादर स्टेशनच्या पुलावर असते तशीच, आणि मी डोळे मिटून आडवा वार सोडला. समोरचा मेसन खाली वाकला. माझ्या डावीकडे आपलाच एक निळा, बिचारा आधीच अर्धमेला, प्राणपणाने लढत होता, तो आडवा. मला एवढं वाईट वाटलं की मी लढाई सोडून त्याच्यापाशी बसलो आणि ई दाबून धरलं, म्हणजे पडलेल्या माणसाला परत उठवता येतं. बाजूने बाण जातायत, कोणाचा तरी हात तुटून उडाला, मी आपला ई धरून बसलोय. तो उठला. त्याने माझ्याकडे वळून बघितलं, मान लववून नमस्कारच केला. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. तेवढ्यात मागून लाल नाईट आला आणि मी त्याला वाचवायला जोरात कुऱ्हाड फिरवली.

दुसऱ्यांदा तो उठला नाही. चॅटवर त्याने काय लिहिलं ते भाच्याने वाचून दाखवलं नाही, नुसतं म्हणाला, "मामा, क्लास बदल."

तर क्लास बदलला आणि आर्चर झालो. उंटावरून शेळ्या हाकणं या गोष्टीची कोणी नोकरी काढली असेल तर ती ही. लांब भिंतीवर उभं राहायचं, धनुष्य ताणायचं, सोडायचं, शेजारी शेगडी मांडून बाणाला आगसुद्धा लावता येते. मला वाटलं हेच आपलं, म्हणजे हाणामारीत नाही आणि गैरहजरही नाही. लग्नात पंगतीच्या वेळी वाढायला न लागता उपरणं घेऊन इकडून तिकडे फिरणारा जो काका असतो, तो मी. पण आर्चरवर दोन्ही सैन्यांचा राग असतो. शत्रूचा राग समजू शकतो. आपल्यांचा राग अशासाठी की माझे निम्मे बाण त्यांच्याच पाठीत, आणि ते काही मुद्दाम नाही, माझं नेट भाच्याच्या तिकडच्या सर्वरपर्यंत जाऊन येईपर्यंत माणूस जागचा हललेला असतो. नाचता येईना अंगण वाकडं म्हणा, पण अंगण खरंच बारा हजार किलोमीटर वाकडं आहे.

त्या रात्री मी हट्टाने लाँगबोबद्दल, म्हणजे इंग्रजांच्या लांब धनुष्याबद्दल, वाचत बसलो. मेरी रोझ नावाचं इंग्रजांचं जहाज १५४५ ला बुडालं आणि १९८२ ला वर काढलं, त्यात शंभराच्या वर धनुष्यं सापडली. ती ताणायला शंभर पौंडांपेक्षा जास्त जोर लागत असणार असा जाणकारांचा हिशोब, म्हणजे जवळपास गव्हाचं पोतं तीन बोटांनी ओढायचं. एवढा जोर यावा म्हणून १३६३ मध्ये तिसऱ्या एडवर्ड राजाने हुकूमच काढला होता, की सुट्टीच्या दिवशी पुरुषांनी फुटबॉलसारखे फालतू खेळ सोडून धनुष्य चालवायचं. सुट्टीच्या दिवशी! हे मी बायकोला उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, राजाने सुट्टीच्या दिवशी पंखे पुसायचा हुकूम काढला होता का ते बघ.

मधे एक आठवडा फूटमन होतो. सगळं मध्यम, वेग मध्यम, रक्त मध्यम, हातात लांब दांड्याचं हत्यार आणि जखमी लोकांसाठी बँडेज. मध्यमवर्गीय माणसाचा क्लास. त्याबद्दल सांगण्यासारखं काही घडलं नाही, हेच त्याचं वैशिष्ट्य.

शेवटी भाच्याने स्क्रीन शेअर करायला लावली आणि स्वतः बघून निदान केलं. मी मारायला जातो तेव्हा आपले मरतात, वाचवायला जातो तेव्हाही आपलेच मरतात, म्हणजे मला अशा जागी ठेवायला पाहिजे जिथे हातात धार नसेल. "मामा, परत नाईटच हो. त्यातला ऑफिसर. त्याच्याकडे तुतारी असते. ती वाजवली की आजूबाजूच्या आपल्या लोकांच्या जखमा भरतात. तू तलवार काढायचीच नाहीस. तू फक्त वाजव."

अपमान होता हे मला कळलं. पण काय सांगू, तुतारी जमली. गर्दीच्या चार पावलं मागे उभं राहायचं, स्क्रीनवरची पट्टी भरली की वाजवायची, आणि पुढचे चार-पाच रक्तबंबाळ लोक एकदम ताजेतवाने होऊन परत भिडतात. कोणी वळून थँक्यू म्हणत नाही, वरातीत बँडवाल्याला कोण म्हणतं? सोसायटीच्या कमिटीत मी सात वर्षं हेच करतोय, पाण्याच्या टँकरवरून लोक भिडतात आणि मी मागे उभा राहून 'शांतपणे घ्या' म्हणत असतो. पहिल्यांदाच एका अख्ख्या लढाईत माझ्या हातून एकही निळा मेला नाही. भाचा म्हणाला, "मस्त मामा." मी पण खुशीत येऊन, तुतारी तोंडाला लावलेलीच ठेवून, जरा नीट दिसावं म्हणून एका उंच दगडावर चढलो.

लांबच्या भिंतीवर कोणीतरी लाल आर्चर उंटावर बसलेला होताच. एक बाण कानाजवळून गेला, दुसरा हेल्मेटात, आणि स्क्रीनवर परत ते चार चेहरे एका रांगेत. खाली आकडे उलटे पळतायत. ऑफिसरच घेऊ? पण परवाच नाईटमधला क्रुसेडर उघडलाय, तो बघितला पाहिजे, आणि गार्डियनची ढाल.

"अरे, पोह्यात शेंगदाणे घालू का बटाटा?" आतून आवाज आला.

मी एक हेडफोन बाजूला केला.

"दोन्हीचं काय काय आहे ते जरा सांग ना."