इंग्रजीत पाचच स्वर? मग 'बेट' आणि 'बेट' वेगळे कसे?

मराठी भाषा गौरव दिन जवळ आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. यंदा तो मला तीन गटांत आला, एकदा तर 'विज्ञानाने सिद्ध' असा मथळा मिरवत. थोडक्यात म्हणणं असं: इंग्रजीत स्वर पाच, मराठीत चौदा, म्हणून इंग्रजांचे उच्चार तोकडे. त्यातल्या त्यात खरं इंग्रजी ब्रिटिशांचं; अमेरिकनांनी ते बिघडवलं आणि न्यूझीलंडकडच्यांना तर तोंड उघडायचाच आळस. देवनागरीत मात्र जगातला कुठलाही उच्चार जसाच्या तसा लिहिता येतो.

आधी त्या पाचाचं बघू. ए, ई, आय, ओ, यू ही अक्षरं झाली. लिपी लॅटिनकडून उसनी आली, तिच्यात स्वरांना एवढीच चिन्हं होती. दक्षिण इंग्लंडच्या प्रमाण बोलीत जोडस्वर धरून साधारण वीस स्वर मोजतात. पटत नसेल तर ब आणि ट यांच्यामध्ये एकेक स्वर बसवत चला: बीट, बिट, बॅट, बूट, बट, बाइट. इथवर ठीक. आता 'बेट'. पैज या अर्थाचा एक आणि गळाला लावायचं आमिष या अर्थाचा दुसरा. लंडनकराच्या तोंडी पहिल्यात आखूड ए असतो, तर दुसऱ्यात जीभ ए-वरून निघून इ-कडे सरकते. यॉर्कशायरच्या जुन्या बोलीत ती सरकत नाही, सरळ लांब ए ऐकू येतो, थेट आपल्यासारखा. देवनागरीत मी दोन्ही सारखेच लिहितोय, माझा इलाज नाही.

आणि मराठीचे चौदा? राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालेत तेवढे आहेत, कबूल. पण त्यातला ऋ आपण सर्रास 'रु' म्हणतो आणि ऌ क्लृप्तीपुरता उरलाय. दिवस या अर्थाचा 'दिन' आणि गरीब या अर्थाचा 'दीन' रोजच्या बोलण्यात वेगळे काढणारा माणूस मला अजून भेटायचाय. अक्षरं सोडून आवाज मोजायचे, तर आपला आकडा खाली येतो.

'खरं इंग्रजी ब्रिटिशांचं' हा दावा मात्र मला सगळ्यात गमतीचा वाटतो. अंघोळीच्या 'बाथ'मधला लांब आ हा दक्षिण इंग्लंडचा नवा माल आहे, तो अठराव्या शतकात तिकडे रुजला. लीड्स-मँचेस्टरकडे आजही त्या जागी आखूड स्वर लागतो, अमेरिकेतही लांब आ नाही. म्हणजे या शब्दापुरतं जुनं वळण त्यांनी राखलंय. तीच गोष्ट 'कार'मधल्या र-ची: लंडनकडे तो गळाला, बहुतेक अमेरिकेने ठेवला. उत्तर इंग्लंडात 'कप'मधला स्वर 'पुट'मधल्यासारखाच असतो. दक्षिणेने सतराव्या शतकात या दोहोंची फारकत केली, उत्तरेने केली नाही. उलट 'हॉट'मधला ओठ गोल करून काढायचा स्वर ब्रिटिशांनी सांभाळला आणि अमेरिकनांनी तो आ-कडे नेला. कॅलिफोर्नियात तर यंत्र या अर्थाचा 'बॉट' आणि विकत घेतलं या अर्थाचा 'बॉट' बहुतेकांच्या तोंडी एकच. थोडं यांनी बदललं, थोडं त्यांनी. बिघडवलं कोणी?

बरं, ब्रिटिश म्हणजे नेमकं कोण? राणी म्हणाल तर तिचंही ऐका. एलिझाबेथ राणीच्या नाताळच्या भाषणांची ध्वनिमुद्रणं ध्वनिशास्त्रज्ञ जोनाथन हॅरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात बसून मोजली, निष्कर्ष २००० साली छापले. १९५० च्या दशकातल्या आणि १९८० च्या दशकातल्या राणीचे स्वर एकच नव्हते. तरुणपणी तिचा 'हॅट' 'हेट'कडे झुकायचा, पुढे तोंड जास्त उघडू लागलं. महालाबाहेरच्या, वयाने लहान मंडळींच्या बोलीकडे राणी स्वतःच सरकली होती.

हे मोजतात कसं? हनुवटीखाली बोट धरा आणि सावकाश ई, ए, ॲ, आ म्हणा. जबडा पायरीपायरीने खाली उतरेल. ध्वनीच्या आलेखात प्रत्येक स्वराचे ठळक पट्टे दिसतात. त्यातला पहिला तोंड उघडेल तसा वर चढतो, दुसरा जीभ पुढे येईल तसा. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत पीटरसन आणि बार्नी या संशोधकांनी ७६ जणांकडून दहा स्वर म्हणवून घेतले, ते आकडे १९५२ साली आले: पुरुषांच्या 'ई'ला सरासरी २७० आणि २,२९० हर्ट्झ, 'आ'ला ७३० आणि १,०९०. आलेखावर दहा ठिपके सुटेसुटे पडतील असं वाटावं, तर तिथे एकमेकांत घुसलेले दहा ढग होते. एकाचा एक स्वर दुसऱ्याच्या शेजारच्या स्वरावर जाऊन बसतो, तरी कान शब्द ओळखतो.

आता आळस. न्यूझीलंडकराचा 'फिश' ऑस्ट्रेलियनाला 'फश' ऐकू येतो, त्यावरून ते त्यांना येताजाता चिडवतात. न्यूझीलंडकर उलट म्हणतात, तुमचाच 'फीश' आहे. पण नीट ऐका. तिकडे 'पॅन' आपल्या कानाला 'पेन' वाटतो, 'पेन' 'पिन' वाटतो, आणि हुसकलेला 'पिन' तोंडाच्या मध्यावर जाऊन बसतो. संगीत खुर्चीच ही. आळशी जिभेला असं शिस्तीत, एकमेकांची जागा चुकवत सरकणं जमलं नसतं. इंग्लंडात हेच, पण फार मोठ्या प्रमाणावर, साधारण १४०० ते १७०० मध्ये झालं. त्याआधी 'टाइम'चा उच्चार 'टीम'सारखा होता, 'हाउस'चा 'हूस'सारखा. कॅक्स्टनने १४७६ च्या सुमारास छापखाना आणला, स्पेलिंगं हळूहळू गोठत गेली आणि स्वर पुढे निघून गेले. शाळेत स्पेलिंगपायी मार खाल्लेल्यांनी राग तिथे काढावा.

राहिली देवनागरी. क-वर्ग घशाकडून, प-वर्ग ओठांवर, ही मांडणी खरंच देखणी आहे, त्यावर वाद नाही. पण कुठलाही उच्चार लिहिता येत होता, तर इंग्रजी शब्दांसाठी ॲ आणि ऑ नव्याने का घ्यावे लागले? लंडनकराचा पक्षी लिहून दाखवा. 'बर्ड' लिहिलंत तर तो न उच्चारणारा र आला, 'बड' लिहिलंत तर कळी झाली.

इतक्या लांबही जायला नको. 'चार' आणि 'चारा' मोठ्याने म्हणा. दोन्हींत च निराळा आहे आणि लिपीत तो एकच आहे.