गाडीचं ऑइल आपोआप वाढत नसतं

परवा काकांचा फोन आला. स्वारी भलतीच खुशीत होती. "अरे, गाडी ऑइल खायची बंद झाली! उलट डिपस्टिकवर खुणेच्या वर आलंय." गाडी चाळीस वर्षांची, कार्ब्युरेटरवाली (म्हणजे पेट्रोल आणि हवा कॉम्प्युटरशिवाय मिसळणारी), दर महिन्याला थोडं थोडं ऑइल पिणारी. तिचं ऑइल वाढलं म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला.

"काका, गाडीला नक्की काय केलंत?"

"काही नाही रे, तो मेसेज आला होता ना..."

तो तुम्हालाही आला असेल. 'जुन्या गाडीचं इंजिन नव्यासारखं करा, मेकॅनिक हे कधीच सांगणार नाही' असा मथळा आणि खाली सहा उपाय. थर्मोस्टॅट काढून टाका, इंजिन कायम थंड राहील. एअर फिल्टर काढा, इंजिन मोकळा श्वास घेईल. टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) पुढे घ्या. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरा. ऑइलमध्ये रॉकेल घालून अर्धा तास इंजिन चालवा. टाकीत थोडं ॲसिटोन ओता. शेवटी जोडलेले हात आणि 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा'. काकांनी ते पोहोचवलं, आणि पहिला उपाय स्वतः करूनही टाकला. म्हणून आधी त्याच्याशीच भांडतो.

इंजिन जितकं थंड तितकं बरं, हे गृहीतकच चूक आहे. इंजिन गरम राहावं म्हणूनच थर्मोस्टॅट बसवलेला असतो. त्याच्या पोटात मेणाची छोटी कुपी असते. पाणी ठरावीक तापलं की मेण वितळून फुगतं, पिन ढकलतं, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जातं. तोवर ते इंजिनातच फिरत राहतं, म्हणजे इंजिन लवकर तापतं. किती अंशांना उघडायचं तो आकडा बहुतेक वेळा त्याच्याच अंगावर ठोकलेला असतो. काकांच्यावर ८२ होता. ज्यांनी इंजिन बनवलं त्यांनी पितळेवर आकडा कोरून ठेवलाय, आणि आपण निनावी मेसेजवर विश्वास ठेवून तो तुकडा उपटून काढतो.

काढल्यावर काय होतं ते काकांच्या अंगणात बघितलं. वीस मिनिटं चालवून आणलेली गाडी, तरी तापमानाच्या मीटरचा काटा 'सी'ला, म्हणजे थंडला, चिकटलेला. काका त्याच्याकडे कौतुकाने बोट दाखवत होते. चोक (थंड इंजिनाला हवा कमी आणि पेट्रोल जास्त देणारी कळ) अर्धा ओढलेला. आत ढकलला की गाडी अडखळत मिसिंग करायची. डिपस्टिक काढून नाकाशी नेली तर पेट्रोलचा भपकारा. वाढलेलं ऑइल हे ऑइल नव्हतंच, ते पेट्रोल होतं. थंड सिलिंडरच्या भिंतीवर पेट्रोलची नीट वाफ होत नाही. ते भिंतीवरून ओघळतं, जाताना ऑइलचा पातळ थर धुऊन नेतं आणि पिस्टनच्या रिंगांमधून खाली सम्पमध्ये, म्हणजे ऑइलच्या तळटाकीत, साठतं. (जुन्या मेकॅनिकल पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम, म्हणजे पडदा, फाटला तरी पेट्रोल असंच खाली उतरतं, म्हणून आधी तो तपासला. तो शाबूत होता.) ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला साबणाच्या फेसासारखा पांढुरका चिकटा जमला होता. ज्वलनातून निघणारी पाण्याची वाफ गरम इंजिनातून निघून जाते, थंड इंजिनात तिचं पाणी होऊन ऑइलमध्ये घुसळलं जातं. असाच चिकटा हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेल्यावरही दिसतो, पण तेव्हा रेडिएटरचं पाणी कमी होत जातं. इथे पाणी जागच्या जागी होतं.

हे काही माझ्या मनातलं नाही. १९३०च्या दशकात ब्रिटनमधल्या इन्स्टिट्यूशन ऑफ ऑटोमोबाइल इंजिनिअर्सने सिलिंडर का झिजतात यावर चाचण्या केल्या. तोवर सगळे नुसत्या घासण्याला दोष देत होते. चाचण्यांत दिसलं की भिंती थंड असल्या की ज्वलनातली आम्लं आणि पाणी त्यांच्यावर जमतं आणि लोखंड गंजून झिजायला लागतं. थंड चालणारं इंजिन गरम इंजिनापेक्षा खूपच वेगाने झिजतं. आणि मेसेज म्हणतो, आयुष्य वाढेल!

त्यातही गंमत बघा. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडला की त्याचीच दुसरी चकती बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅटच नाही तर ती वाट कायम उघडी. बरंचसं गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात. म्हणजे एरवी थंड पडणारी तीच गाडी भर चढावर तापणार.

आता नाइलाजाने एक मान्य करतो. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर इंजिन उकळतं, आणि रस्त्यात अडकलात तर तो काढून घर गाठणं हा खरा, जुना उपाय आहे. बहुतेक याच जुगाडाची वाढत वाढत 'टिप' झाली असावी. पण घर गाठल्यावर नवा बसवायचा असतो.

एअर फिल्टरच्या मुद्द्यातही अर्धं खरं आहे. कार्ब्युरेटरवाल्या गाडीत तुंबलेला फिल्टर चोकसारखं काम करतो, पेट्रोल जास्त जातं, पिकअप मरतो. नव्या, कॉम्प्युटरवाल्या गाड्यांवर अमेरिकेच्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९मध्ये चाचण्या केल्या, तर तुंबलेल्या फिल्टरने मायलेज जवळजवळ बदललंच नाही, फक्त पिकअप घटला. म्हणजे जुन्या गाडीत फिल्टर बदलल्याचा फायदा खरा आहे. बदलल्याचा. काढून टाकल्याचा नव्हे! धुळीतली बारीक वाळू सिलिंडरच्या लोखंडापेक्षा कठीण असते. ती ऑइलमध्ये मिसळली की पॉलिश पेपरच तयार होतो. शिवाय कार्ब्युरेटरमधून उलटा भडका आलाच तर तो अडवायला फिल्टरचा डबा असतो.

टायमिंगचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथे लोक हमखास फसतात. प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवला की आयडलिंग चढतं, इंजिन हलकं वाटतं, माणूस खूश. मग चढावर टॉप गिअरला ॲक्सिलरेटर दाबला की आतून खड्यांचा डबा हलवल्यासारखा आवाज येतो. ते नॉकिंग, पिस्टनवर बसणारे हातोडे. पण जुन्या गाडीत टायमिंग मागे पडलेलं असतं हेही खरं. डिस्ट्रिब्युटरमध्ये उघडून ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची टाच झिजते, गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात, ठिणगी उशिरा पडते. म्हणून आधी पॉइंटचा गॅप, मग टायमिंग लाइट लावून पुस्तकातल्या अंशावर टायमिंग. गेलेली ताकद तेवढ्याने परत येते. त्याच्या पुढे नेऊन जास्तीची मिळत नाही.

ऑक्टेन म्हणजे फक्त नॉकिंगला दाद न देण्याची क्षमता, त्यात जादा ताकद नसते. टायमिंग बरोबर असून नॉकिंग होत नसेल तर महाग पेट्रोल फुकट गेलं. मेसेजवाल्याने आधी टायमिंग बिघडवायला सांगितलं आणि लगेच त्यावर पांघरूण घालणारं पेट्रोल सुचवलं, एवढी संगती मात्र त्याला जमली.

रॉकेलने ऑइल पातळ होतं आणि बेअरिंग अर्धा तास त्या पाण्यासारख्या पातळ ऑइलवर फिरतात. सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीत अडकला तर संपलंच. ॲसिटोन रबराचे पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम खातं. यावर जास्त लिहायची इच्छा नाही.

काकांनी थर्मोस्टॅट फेकला नव्हता, नशीब. डॅशबोर्डच्या खणात फडक्यात गुंडाळून ठेवला होता. पातेल्यात पाणी, तळाला टेकणार नाही असा दोऱ्याने टांगलेला थर्मोस्टॅट, शेजारी थर्मामीटर. ८३ला झडप हलली. ठणठणीत होता!

"मग माझी गाडी तापायची ती कशाने?"

"तापायची? तुम्ही हे आत्ता सांगताय?"

पंखा आणि पाण्याचा पंप फिरवणारा फॅनबेल्ट अंगठ्याने दाबला तर बोटभर आत गेला, इतका सैल. तो ताणला, थर्मोस्टॅट नव्या गॅस्केटवर बसवला, ऑइल आणि फिल्टर बदलला. दहा मिनिटांत काटा मध्यावर येऊन थांबला आणि चोक पूर्ण आत ढकलूनही इंजिन शांत चालू राहिलं.

मग काकांना विचारलं, मेसेज कोणाकोणाला पाठवलात? अकरा जणांना. संध्याकाळभर बसून त्यांनी एकेकाला फोन केले. दोघांनी थर्मोस्टॅट आधीच काढलाय, आणि एकाने तो भंगारात घातलाय.